‘नाही’ म्हणू शकेल असा माणूस आधी नेमा

जुन्या बंगल्यावर मजला चढवायचा, रो हाउसच्या गच्चीवर दोन खोल्या काढायच्या किंवा मागच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर वाढवायचं असं घरात ठरलं, की पुण्यात विचारा, नाशकात विचारा, कोल्हापुरात विचारा, हल्ली एकच सल्ला मिळतो. आर्किटेक्टच्या भानगडीत पडू नका. सरळ टर्नकीवाल्या कंपनीला काम द्या. प्लॅन त्यांचा, इंजिनिअर त्यांचा, मटेरियल त्यांचं, माणसं त्यांची. स्क्वेअर फुटाचा दर ठरवा, टप्प्याटप्प्यानं पैसे द्या आणि सहा महिन्यांनी किल्ली घ्या. हा सल्ला देणारी माणसं अडाणी नसतात. आयुष्यभर हिशेब तपासलेली, बिलांवर सह्या केलेली असतात. माल पुरवणारा आणि मालाचं बिल मंजूर करणारा एकच असता कामा नये, हे त्यांना ऑफिसात पक्कं ठाऊक असतं. तीच माणसं स्वतःच्या घराची वेळ आली की माल ठरवणं, माल आणणं, माल वापरणं आणि ‘बरोबर वापरला’ असं सांगणं ही चारही कामं एकाच्या हाती सोपवतात. वर दुसऱ्यालाही तसंच करायला सांगतात. याचा मला राग येतो, आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

त्यांचं म्हणणं असं. आर्किटेक्ट फी घेतो आणि कागद देतो; कागदानं घर उभं राहत नाही. आर्किटेक्ट वेगळा आणि ठेकेदार वेगळा असला की चूक झाल्यावर दोघं एकमेकांवर ढकलतात आणि मालक मधल्यामधे भरडला जातो. कंपनी एकच असली की जबाबदारही एकच. डिझाइनची फी वाचते, वेळ वाचतो, खर्चाचा आकडा आधीच हातात येतो. आणि दोन खोल्यांच्या कामाला एवढा खटाटोप हवाच कशाला? आपले वाडे काय आर्किटेक्टनं बांधले होते?

यातला एकेक मुद्दा घेण्याआधी या सगळ्यांच्या मुळाशी असलेली चूक सांगायला हवी. मोकळ्या प्लॉटवर नवं घर बांधताना पहिला प्रश्न असतो, कसं बांधायचं? जुनं घर वाढवताना पहिला प्रश्न असतो, बांधता येईल का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. ज्याचं पोट ‘हो’ या उत्तरावर अवलंबून आहे, त्याला हा प्रश्न विचारून काय उपयोग?

१९८५ ते ९० च्या सुमारास बांधलेला एखादा बैठा बंगला घ्या. त्या काळी एम-१५ प्रतीचं काँक्रीट सर्रास वापरलं जाई. आरसीसीला किमान एम-२० हवं, ही सुधारणा आयएस ४५६ या मानकात २००० साली झाली. भूकंपाच्या हादऱ्यात काँक्रीटची चौकट एकदम न तुटता वाकून तग धरेल अशा रीतीनं सळ्या कशा बांधाव्यात, हे सांगणारं आयएस १३९२० हे मानक १९९३ चं. म्हणजे तुमच्या बंगल्याचा सांगाडा ज्या नियमांनी उभा आहे, ते नियम आज कुणी वापरत नाही. आणि हा प्रदेश काही निवांत नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. पुणे आणि मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतात.

घरमालक मात्र गच्चीवर जाऊन काय बघतो? कॉलमच्या सळ्या वर सोडलेल्या दिसतात. वडिलांनी तेव्हाच वरच्या मजल्याची तयारी करून ठेवली होती, हे घरात सगळ्यांना पाठ असतं. पण सळ्या वर सोडल्या म्हणजे खालचं फुटिंगही दोन मजल्यांच्या हिशेबानं घातलं होतं, याला पुरावा काय? मूळचं आरसीसी ड्रॉइंग कुणाकडे आहे? पस्तीस-चाळीस पावसाळे त्या सळ्यांनी उघड्यावर काढले. गंज आत किती उतरलाय? फुटिंग मुरुमावर टेकलंय की काळ्या मातीतच थांबलंय? ही उत्तरं शोधून काढावी लागतात. फुटिंगशेजारी खड्डा घ्यावा लागतो, कॉलमवर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी करावी लागते, काँक्रीटचं कार्बोनेशन किती खोल गेलंय ते तपासावं लागतं, शंका असेल तिथे कोअर काढून लॅबमध्ये पाठवावा लागतो. या कामाला घरभर सगळं उलथून टाकावं लागत नाही आणि पूर्ण मजल्याच्या खर्चापुढे त्याचा खर्चही किरकोळ असतो. पण हे काम मजला चढवायचं ठरण्याआधी करायचं असतं. टर्नकी कंपनीचा माणूस ‘फ्री साइट व्हिजिट’ला येतो तेव्हा तो काय घेऊन येतो? टेप आणि दरपत्रक. खड्डा घ्या असं तो का सांगेल? खड्ड्यातून ‘नाही’ निघालं तर त्याचा दिवस फुकट गेला.

आणि हे वजन काही थोडंथोडकं नसतं. नऊ इंची विटांची, दहा फूट उंच भिंत मीटरमागे सव्वा टनाच्या पुढे जाते. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. त्यावर फरशी, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, टाकीतलं हजार लिटर पाणी म्हणजे आणखी एक टन. हजार-अकराशे चौरस फुटांचा एक साधा मजला विटांच्या भिंतींसह शंभर टनांच्या पलीकडे जातो. तो खालच्या कॉलमांवर येणार आणि तिथून तुमच्या स्वयंपाकघराखालच्या जमिनीत उतरणार. गच्चीचा स्लॅब माणसांच्या वापरासाठी धरताना चौरस मीटरला दीडशे किलोचा हिशेब असतो. राहत्या खोलीला दोनशेचा. त्यात वरची भिंत बीमवर येते की स्लॅबच्या मधोमध, यावर सगळं अवलंबून. ‘बेडरूम इथे काढू, टॉयलेट तिथे घेऊ’ असं दहा मिनिटांत कागदावर रेघोट्या मारून सांगणाऱ्या माणसानं खालचे बीम कुठे आहेत ते पाहिलेलं तरी असतं का?

राज्यातल्या महापालिकांच्या अधिनियमांमध्ये तीस वर्षांपुढच्या इमारतींची संरचना तपासून घेण्याची तरतूद आहे. इमारत नुसती आहे तशी उभी राहावी म्हणून कायदा तपासणी मागतो. मग तिच्या डोक्यावर शंभर टन ठेवताना ‘छोटं काम आहे’ हे वाक्य तोंडातून निघतंच कसं?

काम छोटं म्हणजे धोका छोटा, हा समज किती महाग पडतो ते मुंबईनं पाहिलं आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं मेली. तिथे वर मजला चढत नव्हता. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेल्याचा आरोप झाला. इमारतीच्या मानानं किती लहान काम!

‘नाही’ म्हणणारा वेगळा माणूस असणं म्हणजे काय, हे मला दक्षिण कोरियातल्या सोलच्या सामपुंग डिपार्टमेंट स्टोअरच्या इतिहासाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. मूळ योजना चार मजली इमारतीची. काम सुरू असतानाच मालकानं तिचं मोठं दुकान करायचं ठरवलं, सरकत्या जिन्यांसाठी कॉलम काढायला सांगितले, वर पाचवा मजला मागितला. बांधणाऱ्या कंपनीनं हे बदल करायला नकार दिला. मालकानं तिला काढून टाकलं आणि स्वतःच्याच बांधकाम कंपनीकडून काम पुरं करून घेतलं. २९ जून १९९५ रोजी ती इमारत बसली आणि ५०२ माणसं गेली. कुणी म्हणेल, तिथे नकार देणारा तर ठेकेदारच होता. होता. पण मालकापासून वेगळा होता, त्याचा नफा मालकाच्या नफ्यात मिसळलेला नव्हता, म्हणून देऊ शकला. ठरवणारा, बांधणारा आणि कमावणारा ज्या दिवशी एक झाला, त्या दिवशी त्या इमारतीत ‘नाही’ म्हणायला कुणी उरलं नाही. टर्नकीची खासियत म्हणून जे सांगितलं जातं, ते नेमकं हेच आहे.

आता वाचलेल्या फीचं बघू. ‘डिझाइन आमच्याकडून फ्री’ असं कंपनी सांगते. त्या कंपनीत नकाशे काढणारी मुलं पगार घेत नाहीत का? तो पगार तुमच्याच दरातून जातो. आर्किटेक्टची फी तुम्हाला पावतीवर दिसते, ही दिसत नाही, एवढाच फरक. पण खरा खर्च पगाराचा नाहीच. स्क्वेअर फुटाचा दर मटेरियलसह ठरला की भिंतीत आणि स्लॅबमध्ये कमी गेलेली प्रत्येक वस्तू कंपनीची कमाई होते. सोळा मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे १.५८ किलो भरते, बारा मिलिमीटरची सुमारे ०.८९. कॉलमच्या ड्रॉइंगमध्ये कोणती लिहायची हे कोण ठरवतं? कंपनीचा इंजिनिअर. त्याला पगार कोण देतं? कॉलमच्या टोकांजवळ, बीमच्या सांध्यापाशी, रिंगा चार-चार इंचांवर हव्यात आणि प्रत्येक रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवलेलं हवं, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. फिटरला टोक काटकोनात वाकवणं सोपं जातं आणि रिंगा आठ इंचांवर ठेवल्या की स्टील वाचतं. काँक्रीट पडल्यावर हे कुणालाही दिसणार नाही. भूकंप आला तरच कळेल.

सेंट्रिंगची गोष्ट घ्या. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान १४ दिवस ठेवा, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचेही १४ दिवस आणि त्याहून लांब बीमखालचे २१ दिवस, असं आयएस ४५६ सांगतं. पण सेंट्रिंगचं सामान भाड्यानं आणलेलं असतं किंवा पुढच्या साइटवर हवं असतं. प्रत्येक जादा दिवस ठेकेदाराच्या खिशातून जातो. पाणी मारायला ठेवलेला माणूसही त्याच्याच खिशातून. वर हप्ता कशाला बांधलेला असतो? ‘स्लॅब पडला की २० टक्के.’ म्हणजे स्लॅब लवकर टाकायला बक्षीस आणि स्लॅब नीट पिकू द्यायला दंड. मी असं म्हणत नाही की प्रत्येक ठेकेदार बेइमान आहे. खूप जण जीव ओतून काम करतात. पण घाई आणि काटकसर दोन्हीचा फायदा ज्याला मिळतो, त्याच्याच शब्दावर विसंबून राहण्याची व्यवस्था तुम्ही आपणहून का निवडता? आर्किटेक्टला किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरला टेकू तीन दिवस जास्त राहिले तर एक पैशाचंही नुकसान नाही. म्हणून त्याच्या ‘थांबा’ला किंमत आहे.

इथे एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. आर्किटेक्टची फी खर्चाच्या टक्क्यांवर असेल तर खर्च वाढला की त्याचीही फी वाढते. बरोबर. मग टक्के ठरवूच नका. ठोक फी ठरवा, किती वेळा साइटवर यायचं ते लिहून घ्या, प्रत्येक भेटीची टिपणं मागा. दुरुस्त करता येणारा दोष दाखवून संपूर्ण व्यवस्थाच रद्द करायची, ही कुठली रीत?

‘जबाबदार एकच’ हा मुद्दा तर सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि सगळ्यांत कमी टिकतो. आर्किटेक्ट आणि ठेकेदार भांडतात. भांडू द्या! आर्किटेक्ट म्हणतो काँक्रीट पोकळ राहिलं, ठेकेदार म्हणतो ड्रॉइंग उशिरा आलं. हे भांडण तुमच्यासमोर होतं, म्हणून तुम्हाला काँक्रीट पोकळ राहिल्याचं कळतं. एकाच कंपनीत हेच भांडण ऑफिसच्या बंद दाराआड होतं आणि तुमच्यापर्यंत येतो तो फक्त निकाल: गिलावा झाला, रंग झाला, साहेब बघून घ्या. दोन माणसांच्या मतभेदात मालकाचा वेळ जातो, हे मान्य. एका माणसाच्या गप्प राहण्यात मालकाचं घर जातं.

आणि ही एकाची जबाबदारी कायद्यानं किती आहे, हे कुणी पाहिलंय का? बिल्डरकडून सदनिका घेतली तर बांधकामातल्या दोषांसाठी ताबा दिल्यापासून पाच वर्षांची जबाबदारी रेरानं त्याच्यावर टाकली आहे. स्वतःच्या घरावर मजला चढवून घेणाऱ्याला ते संरक्षण नाही. तिथे करारात जे लिहिलं असेल तेच. कंपनीच्या छापील करारात काय लिहिलेलं असतं? दर, हप्ते, टाइल्सची कंपनी, नळांची कंपनी, रंगाची कंपनी. कोणत्या कॉलममध्ये किती सळ्या, कोणत्या बीमची किती खोली, काँक्रीटची प्रत कोणती, चाचणीचे क्यूब कोण भरणार आणि कोणत्या लॅबमध्ये फोडणार, हे कुठे असतं? ग्राहक आयोगात जाता येतं, जरूर जा. पण तिथे काय सिद्ध करणार? कबूल काय केलं होतं याचाच कागद तुमच्याकडे नसेल तर ते पाळलं नाही हे कशावरून ठरवायचं? आर्किटेक्ट नुसता कागद देतो म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तो कागदच तुमच्या हातातलं एकमेव हत्यार असतो.

‘आकडा आधीच कळतो’ हेही तसंच. कोणता आकडा? दर गुणिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळात बाल्कनी धरली का, जिना किती वेळा धरला, छज्ज्याचा स्लॅब अर्धा की पूर्ण, जुना कोबा फोडून खाली उतरवण्याची मजुरी कुणाची, राडारोडा कोण नेणार, खालच्या मजल्याची गळती निघाली तर? जुन्या घरात काम काढलं की दर आठवड्याला काहीतरी नवं निघतं. तेव्हा ‘एक्स्ट्रा’ची यादी सुरू होते आणि त्या यादीचा दर ठरवताना तुमच्याकडे दुसरा पर्यायच नसतो, गच्ची उघडी आहे, पावसाळा दारात आहे. आधी मोजमाप काढून, आयटमवार परिमाणं लिहून, त्याच यादीवर तीन ठेकेदारांकडून दर मागवले की खरी तुलना होते. तीन टर्नकी कंपन्यांचे तीन दर समोर ठेवून काय तुलना करणार? प्रत्येकीचं घर वेगळं, स्टील वेगळं, स्लॅब वेगळा. तुम्ही तीन वेगळ्या वस्तूंच्या किमती एका रकान्यात लिहिता आणि सगळ्यांत लहान आकड्याखाली रेघ मारता.

राहता राहिले वाडे. हा दाखला अभिमानानं दिला जातो आणि तो नेमका उलटा पडतो. वाडा बांधणारे गवंडी आणि सुतार बहुधा मजुरीवर असत. दगड, विटा, सागवान, चुना मालक आणी. चुना कमी मळला म्हणून गवंड्याच्या घरात पैसे वाढत नव्हते. शिवाय लाकडाचा खण, तुळई, दगडी जोतं हे सारं डोळ्यांना दिसतं. तुळई किडली तर नातवालाही कळते. आरसीसीत सगळं महत्त्वाचं काँक्रीटच्या आत असतं आणि ते आत जाण्याच्या एका सकाळीच पाहता येतं. वाड्याची आठवण काढायची असेल तर त्या व्यवहाराचीही काढा.

जगभर आता डिझाइन आणि बांधकाम एकाच हाती देतात, असंही सांगितलं जातं. देतात. आपल्याकडचे राष्ट्रीय महामार्गही ईपीसी पद्धतीनं दिले जातात. आराखडा, खरेदी, बांधकाम सगळं एका कंत्राटदाराकडे. पण त्याच करारात ‘ऑथॉरिटीज इंजिनिअर’ नावाचा स्वतंत्र सल्लागार असतो, जो कंत्राटदाराचे आराखडे आणि काम प्राधिकरणाच्या वतीनं तपासतो. ज्याच्याकडे स्वतःचे शेकडो इंजिनिअर आहेत ते सरकारसुद्धा तपासणारा वेगळा ठेवतं. आणि निवृत्तीच्या पैशातून गच्चीवर दोन खोल्या काढणारा माणूस म्हणतो, मला तपासणाऱ्याची गरज नाही? अमेरिकेतल्या शहरांत पायापासून वायरिंगपर्यंत टप्प्याटप्प्यावर पालिकेचा इन्स्पेक्टर येऊन बघतो आणि तो पास करीपर्यंत पुढचं काम झाकता येत नाही. आपल्याकडे जोते तपासणी असते. पण वरच्या मजल्याला जोतं नसतं. तिथे तुमच्या वतीनं बघणारा माणूस तुम्हीच नेमायचा आहे. दुसरं कुणी येणार नाही.

परवानगीचं ‘आम्ही बघून घेतो’ हे वाक्य तर करारात लाल शाईनं लिहून ठेवावं असं आहे. मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार, सामासिक अंतरं, शिल्लक एफएसआय यावरून तुमच्या गच्चीवर काय बसतं ते ठरतं, आणि काही वेळा काहीच बसत नाही. तेव्हा ‘आधी बांधून घेऊ, मग नियमित करू’ असं सुचवणाऱ्या कंपनीचं काय जातं? किल्ली देऊन ती मोकळी. नगररचना अधिनियमाखालची नोटीस मालकाच्या नावानं येते. अवैध बांधकामाला मालमत्ता करावर लागणारी शास्तीही मालकालाच. तिच्या ओझ्याखाली पिंपरी-चिंचवडच्या हजारो घरमालकांनी कितीतरी वर्षं काढली.

आर्किटेक्ट मंडळींचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. एकदा प्लॅन मंजूर झाला की साइटकडे न फिरकणारे आहेत. टाइल्सच्या आणि सॅनिटरीच्या दुकानातून कमिशन घेणारेही आहेत. पण ते नियम मोडून घेतात. वास्तुकला परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक आचार नियमांनी आर्किटेक्टला कमिशन आणि सवलती घेण्याची मनाई केली आहे आणि बांधकामाचा करार हाताळताना दोन्ही पक्षांशी निःपक्षपातीपणे वागण्याचं बंधन घातलं आहे. त्याची तक्रार परिषदेकडे करता येते, त्याची नोंदणी जाऊ शकते. टर्नकी कंपनी दुकानदाराकडून जे घेते ते तिचा कायदेशीर नफा असतो. त्याची तक्रार कुठे करणार? १९७२ च्या कायद्यानं ‘आर्किटेक्ट’ ही पदवी फक्त नोंदणी झालेल्यांना लावता येते, पण डिझाइन करण्याचं काम मात्र कुणालाही करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून कंपनीच्या पाटीवर काय लिहिलंय त्याकडे न बघता ड्रॉइंगवर सही कुणाची आहे, तिचा नोंदणी क्रमांक काय आणि ती व्यक्ती कुणाकडून पैसे घेते, हे विचारा.

सुरक्षेच्या पलीकडेही एक गोष्ट आहे आणि ती मला तितकीच जिव्हाळ्याची वाटते. स्क्वेअर फुटावर पोट असलेली कंपनी तुमच्या अडचणीचं उत्तर नेहमी स्क्वेअर फुटांतच देणार. मुलाचं लग्न झालं, खोली हवी, चढवा मजला. पण कित्येक घरांत जागा कमी नसते, तिची वाटणी वाईट असते. अंधारी मधली खोली, कुणी वापरत नाही असा दिवाणखाना, जिन्याखाली कोंबलेली न्हाणी. चांगला आर्किटेक्ट आधी घरात तासभर बसतो, कोण कधी उठतं, आजी कुठे झोपतात, कपडे कुठे वाळतात ते विचारतो आणि कधी कधी सांगतो की मजला नको, ही अर्धी भिंत काढा, इथे खिडकी घ्या, आजींची खोली खालीच ठेवा. शंभर टन वाचतात, वीस लाख वाचतात. आणि सत्तरीतल्या माणसाला जिना चढावा लागत नाही. हा सल्ला टर्नकी कंपनी कधीच देणार नाही, कारण त्यात तिला विकण्यासारखं काहीच नाही.

तरीही काम टर्नकी कंपनीलाच द्यायचं असेल तर द्या. पण त्याआधी तुमच्या पैशानं, तुमच्या नावानं पत्र लिहिणारा आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा. जुन्या फुटिंगपासून कॉलमपर्यंतची तपासणी त्यांच्याकडून करून घ्या आणि हे घर वाढवावं की नाही, याचं उत्तर त्यांच्या सहीनं घ्या. ड्रॉइंग आणि परिमाणांची यादी तुमच्या कपाटात ठेवा. मग कंपनीसमोर एकच अट मांडा: प्रत्येक स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्यावर आमचा इंजिनिअर येऊन बघेल, त्याच्या लेखी होकाराशिवाय काँक्रीट पडणार नाही आणि त्यानं मोजल्याशिवाय हप्ता सुटणार नाही. हे करारात लिहून सही करा म्हणावं. जी कंपनी सही करायला तयार नसेल, तिचा दर कितीही कमी असो, तिला तुमच्या गच्चीवर सिमेंटचं एक पोतंही चढवू देऊ नका.